अक्षर ‘ए’चा नमुना पाठ

डॉक्टरांनी माझ्या धाकट्या भावाचं बोलणं बंद केलं, त्या दिवसापासून आमच्या घरात इंग्रजी ‘ए’ या अक्षराचे उच्चार खात्रीने सांगणारं कोणी उरलं नाही. वाक्य चमत्कारिक वाटेल. पण त्या वर्षीच्या पावसाळ्यात आमच्यापुढचा प्रश्न एवढाच होता, आणि भावाची दवाखान्यातली खाट त्या प्रश्नावर टिकून होती.

ही गोष्ट चौतीस-पस्तीस सालच्या सुमाराची. भाऊ हायस्कुलात इंग्रजी शिकवायचा. पुण्याला कॉलेजात असताना एका साहेब प्रोफेसरांपुढे वाचून वाचून त्याने आपले उच्चार घोटून घेतले होते. सुटीत घरी आला की तो माझी चेष्टा करायचा. मी सरकारी कचेरीत हिशेबाच्या कामाला. माझं इंग्रजी कागदावरचं, लिहून झालेलं. मी ‘म्यानेजर’ म्हटलं की तो म्हणायचा, “दादा, तुझ्या म्यानेजरला साहेब ओळखणार नाही हो.”

मग त्याला क्षय निघाला. आधी छातीत होता, नंतर घशात शिरला. देवळालीच्या बाजूला माळावर एक सॅनिटोरियम होतं, तिथे त्याला खाट मिळाली. तिथले डॉक्टर मला बाजूला घेऊन म्हणाले, “हवा, दूध आणि मौन. कुजबूजसुद्धा चालणार नाही. घशातली जखम भरून यायची तर घशाला काम देता कामा नये. अजून वर्षभर तरी इथून हलवू नका.”

मी विचारलं, “आणि हलवावं लागलं तर?”

ते म्हणाले, “घरात मुलं आहेत ना?”

घरात तीन मुली होत्या. दोन माझ्या, एक त्याची. नाशिक गावातल्या आमच्या बिऱ्हाडाला दोन खोल्या आणि एक स्वयंपाकघर. खाट कुठेही टाकली असती तरी मुलींपासून चार हातांवरच आली असती. पण त्याचा पगार बंद झालेला, आणि माझ्या एकट्याच्या पगारात घर चालवून सॅनिटोरियमचा खर्च बसत नव्हता. मी मांडून पाहिलं. घरभाडं, किराणा, फी सगळं छाटून पुन्हा मांडलं. उत्तर बदललं नाही. साठवलेलं होतं त्यात दिवाळीपर्यंतची सोय होती. त्यानंतर त्याला घरी आणणं भाग होतं.

मार्ग एकच दिसत होता, आणि तो माझ्या भावजयीच्या हातात होता. तिचे वडील पिंपळगावला मास्तर होते. मराठी सातवी ती माहेरी पास झाली होती आणि लग्नानंतर भावाने तिला इंग्रजी शिकवलं होतं. तिचं व्याकरण माझ्याहून पक्कं होतं, हे मी कोणालाही सांगत असे. तो आजारी पडल्यावर इथल्या एका मुलींच्या शाळेने तिला मराठी दुसरीवर तात्पुरतं घेतलं होतं. त्याच शाळेत आता इंग्रजीचा पहिला वर्ग उघडायचा होता. त्या जागेचा पगार चांगला होता, आणि ती मिळाली तर खाट टिकत होती. शाळेची कमिटी तिला घ्यायला तयार होती. अट एक होती. मुलींच्या शाळा तपासणाऱ्या मड्डम येतील तेव्हा त्यांच्यासमोर एक नमुना पाठ द्यायचा, आणि त्यांनी होकार द्यायचा.

शाळेचे चिटणीस वकील होते. एका संध्याकाळी ते स्वतः घरी आले. चहा घेतला आणि म्हणाले, “मड्डमनी विषय कळवलाय. अक्षर ‘ए’. त्याचे वेगवेगळे उच्चार मुलींकडून काढून घ्यायचे.”

मला हायसं वाटलं. मी म्हटलं, “एवढंच? पहिलंच अक्षर आहे.”

“थांबा. या मड्डमचं एक वेड आहे. म्हणतात, इंग्रजी स्वर कानांनी शिकवू नका, डोळ्यांनी शिकवा. शिक्षिकेचं तोंड कसं उघडतं, जबडा किती खाली जातो, ते पोरींना दिसलं पाहिजे. दुसऱ्या एका शाळेत कोणा बाईंनी नुसतं पाठ म्हणून दाखवलं, तर यांनी मध्येच कागद मिटले आणि उठल्या. ती जागा अजून रिकामी आहे.” मग त्यांनी आतल्या दाराकडे नजर टाकून आवाज उतरवला. “तुमच्या घरच्या बाई जरा... पदर तोंडाशी धरूनच बोलतात, नाही का?”

ते खरं होतं.

आमच्या घरचं वळण तसं होतं. माझी आई असेपर्यंत घरातल्या बाईचे दात वडीलधाऱ्यांना दिसले नाहीत. हसायचं ते ओठ मिटून. जांभई आली तर भिंतीकडे वळून. थोरल्या दिरांशी बोलायची वेळ आलीच तर उंबरठ्याच्या आत उभं राहून, खाली बघून, पदराचं टोक ओठांशी धरून. आई गेल्याला बरीच वर्षं झाली होती, तरी माझी भावजय माझ्याशी तशीच बोलायची. मी कधी तसं सांगितलं नव्हतं, आणि कधी ‘नको’ असंही म्हटलं नव्हतं. ते वळण होतं, कोणाच्या हुकुमातलं नव्हतं. शाळेत लहान मुलींपुढे तिचं चालून जात होतं, कारण मराठी बोलायला तोंड फारसं उघडावं लागत नाही.

इंग्रजी ‘ए’ला मात्र ते लागतं. हे मला त्या आठवड्यात कळलं.

आम्ही दुसऱ्या दिवशीपासून सुरुवात केली. मी पुढच्या खोलीत इंग्रजी पहिलीचं पुस्तक घेऊन बसायचो. ती स्वयंपाकघराच्या दाराआड उभी राहायची. मी शब्द वाचायचा, तिने मागून म्हणायचा. मी ‘कॅट’ म्हणायचो, म्हणजे माझ्या परीने क्याट म्हणायचो. आतून ‘केट’ ऐकू यायचं. मी ‘बॅट’ म्हणायचो, आतून ‘बेट’. मी ‘ऑल’, ‘बॉल’ म्हणायचो, आतून ‘ओल’, ‘बोल’. मी पुन्हा म्हणायचो, जरा जोरात. तीही पुन्हा म्हणायची, जरा जोरात, आणि तेच. मिटत्या ओठांतून ‘ॲ’ निघत नाही, त्याचा ‘ए’ होतो. ‘ऑ’चा ‘ओ’ होतो. ओठांशी पदर आला की दोन्ही आणखी बारीक होतात.

शिवाय माझ्या उच्चारावर माझाच भरवसा नव्हता. तेव्हा मी मला येतं ते करायला घेतलं. त्या अक्षराचा हिशेब मांडला. फरशीवर खडूने कप्पे आखले. केक, नेम, लेक एका कप्प्यात. कॅट, हॅट, मॅन दुसऱ्यात. फादर, कार, पार्क तिसऱ्यात. ऑल, वॉल, टॉक चौथ्यात. अगो, अबाउट यांच्यातला तो अर्धामुर्धा ‘अ’ पाचव्यात. वाटलं, पाच खाती झाली, आता सगळी बाकी यांत बसेल. पण ‘मेनी’ बसेना. ‘व्हिलेज’ बसेना. ‘वॉज’ लिहिताना हॅटसारखा आणि बोलताना भलताच. ‘सेड’मध्ये त्याच्या शेजारी दुसरं अक्षर येऊन बसलेलं. शेवटी मी एक सहावा कप्पा काढला आणि त्यावर ‘शिल्लक’ असं लिहिलं. शिल्लक रोज वाढत होती.

माझी बायको केर काढायला आली आणि कमरेवर हात ठेवून उभी राहिली. “अहो, पहिल्याच अक्षराची ही तऱ्हा. आणि म्हणे साहेब राज्य चालवतो!”

“पुसू नकोस.”

“मी कशाला पुसते? पण पाय कुठे ठेवू ते सांगा. केकवर ठेवू का क्याटवर?”

आतून भावजयीचा हसण्याचा बारीक आवाज आला, आणि लगेच मिटला.

ते कप्पे मी तिला पाटीवर उतरवून दिले. ते तिने एका रात्रीत पाठ केले. कोणता शब्द कोणत्या कप्प्यात, शिलकीसकट, उलटसुलट कसंही विचारा. पाठ असण्याने काम भागणार नव्हतं, हे तिलाही कळत होतं आणि मलाही. चिटणिसांनी सांगितलेली ती उठून गेलेली मड्डम माझ्या डोळ्यांपुढून हलेना. कचेरीत एकदा बेरीज करताना मी ओठांनी ‘ऑ’ करून पाहत होतो. समोरच्या टेबलावरच्या कारकुनाने विचारलं, “दात दुखतोय का हो?”

रविवारी आम्ही दोघं भावाला भेटायला निघालो. नेहमीचा टांगेवाला होता, वयस्क मुसलमान गृहस्थ. तो वाटेत भावाची चौकशी करायचा आणि आम्हाला नाशिक रोडच्या स्टेशनावर सोडून पुढे देवळालीला जाणाऱ्या टांग्यात ओळखीने बसवून द्यायचा. पाऊस नुकताच उघडला होता. भावजय मागच्या बाजूला तोंड करून बसली होती, मांडीवर पाटी उलटी ठेवून. संपूर्ण वाटेत ती एक शब्द बोलली नाही. तिचे ओठ मात्र पदराआड हलत असावेत, कारण पदराचं टोक सारखं हलत होतं.

भाऊ व्हरांड्यातल्या खाटेवर उशांना टेकून बसला होता. तिथली रीत अशी की भेटायला येणाऱ्याने पायथ्याशी, जरा अंतरावर बसायचं. त्याच्याजवळ एक दगडी पाटी असायची. तीवर लिहून तो बोलायचा. त्याचे खोडसाळपणाचे शब्दही तीवर यायचे. मला पाहिल्यावर त्याने लिहिलं, “दादा, वजन वाढलं. माझं नव्हे, तुझं.”

मी त्याला सगळं सांगितलं. मड्डम, पाठ, ‘ए’, दिवाळी. दिवाळीचं सांगणार नव्हतो, पण तो मूर्ख नव्हता. त्याने माझ्याकडे बघून नुसती मान हलवली, म्हणजे तो हिशेब त्याने आधीच केलेला होता. मग लिहिलं, “हिला म्हणायला सांग.”

ती माझ्यासमोर नवऱ्याशी थेट बोलत नसे, तेही वळणच. मी म्हटलं, “ऑल म्हणून दाखव म्हणतोय.”

ती खाली बघून म्हणाली, “ओल.”

त्याने लिहिलं, “ऐकू आला. दिसला नाही.”

“पुन्हा म्हण,” मी म्हटलं.

“ओल.” पदर ओठांवर.

भाऊ पाटीकडे बघत राहिला. पेन्सिल उचलली, काही लिहिणार असं वाटलं, आणि खाली ठेवली. मला धास्ती वाटली की तो आता बोलणार. त्याचं ओठ उघडणं मी पाहिलं आणि अर्धवट उठलो. “अरे, नाही हं, डॉक्टरांनी...”

त्याने एक हात वर करून मला थांबवलं. दुसरा हात स्वतःच्या हनुवटीला लावला आणि जबडा खाली ओढला. तोंड गोल उघडलं. खोल. आतून आवाज काहीच नाही, श्वासदेखील नाही. तसाच तो तिच्याकडे बघत राहिला. मग त्याने तोंड मिटलं आणि पुन्हा उघडलं, या वेळी आडवं, गाल ताणून, दात दाखवून. तो ‘कॅट’मधला. मग आ वासून, ‘फादर’मधला. मग ओठ जरा मागे घेऊन ‘केक’मधला. शेवटी कसंबसं, झोपेतल्यासारखं, उघडलंच नाही असं उघडलेलं, ‘अबाउट’मधला. माझे पाचही कप्पे त्याने आवाजाशिवाय काढून दाखवले. त्याच्या गालांवरची हाडं वर आली होती. मला ते बघवेना आणि नजरही काढता येईना.

मग माझ्या लक्षात आलं की तीही बघते आहे. मान वर होती. बघितल्याशिवाय चालणारच नव्हतं, कारण ऐकायला तिथे काही नव्हतं.

मी खुर्ची फिरवली आणि माळाकडे तोंड करून बसलो. समोर ओल्या गवताचे पट्टे, लांबवर लष्करी छावणीकडचा रस्ता. पाठीमागे ती दोघं. इतकी शांतता होती की बाजूच्या खाटेवरच्या रोग्याने पुस्तकाचं पान उलटल्याचं ऐकू आलं. ती तोंड उघडत होती की नाही, मला कळायला मार्ग नव्हता. वळून बघितलं असतं तर कळलं असतं, आणि तिथेच ते बंद पडलं असतं.

नर्सबाई फेरीवर आली. तिने संशयाने विचारलं, “हे बोलत नाहीत ना?”

“नाही,” मी म्हटलं. “कोणीच बोलत नाही.”

निघताना त्याने पाटी माझ्यापुढे धरली. “जमेल. पण तू फार बघू नकोस.” मला वाटलं, हीही एक चेष्टा.

घरी आल्यावर सराव मुलींवर सुरू झाला. कचेरीतून घरी येताना मला जिन्यावरच त्यांचा गलका ऐकू यायचा. “काकू, परत! काकू, दिसलं, ॲ! नाही गं, तो ऑ!” आणि माझी धाकटी, “काकू, तुझी अक्कलदाढ दिसली!” मग माझ्या वहाणांचा आवाज झाला की सगळं एकदम बंद. मी आत यायचो तेव्हा भावजय चुलीपुढे असायची, पाठमोरी.

बायकोला मी विचारलं, “तिला जमतंय का?”

“तुम्ही कचेरीत असलात की जमतं.”

“म्हणजे?”

“म्हणजे काय म्हणजे? तुम्ही आलात की तिचं तोंड मिटतं. ती काय करणार, इतक्या वर्षांची सवय आहे. तुम्हाला बघितलं की हात आपोआप पदराकडे जातो.”

तेव्हा मला भावाची ती पाटी आठवली, ‘तू फार बघू नकोस.’ दुसऱ्या दिवशी कचेरीतून अर्धी रजा काढून मी चिटणिसांकडे गेलो आणि सांगितलं की पाठाच्या वेळी मी येत नाही.

ते खुर्चीत पुढे झाले. “असं कसं? कमिटीतले दोघं जुन्या विचारांचे आहेत. परक्या पुरुषांसमोर घरची सून उभी राहणार आणि घरचं कोणी बरोबर नाही, हे त्यांना चालायचं नाही. मीच शब्द दिलाय की थोरले दीर हजर राहतील. तुम्ही नसलात तर ते पाठ सुरूच होऊ देणार नाहीत.”

“आणि मी असलो तर?”

“तर काय? बसा गप्प एका बाजूला. तुम्हाला कोण विचारतंय?”

मी दोन्ही बाजू मांडून पाहिल्या. मी गेलो नाही तर पाठ नाही. मी गेलो तर उच्चार नाही. दोन्हींचं उत्तर एकच येत होतं, दिवाळी. घरी जाऊन हे मी कोणालाच सांगितलं नाही. पाठाच्या आदल्या संध्याकाळी भावजय देवापुढे दिवा लावून बराच वेळ बसून होती. माझी धाकटी तिच्यासमोर जाऊन मुद्दाम आ वासून उभी राहिली, तरी ती हसली नाही.

पाठाच्या दिवशी वर्गात इतकी गर्दी होती की खिडकीचा उजेड कमी झाला होता. पुढे बाकांवर मुली, केसांना तेल लावून आलेल्या. डाव्या भिंतीशी मड्डम, मांडीवर कागद, हातात पेन्सिल. शेजारी चिटणीस, मग कमिटीचे ते दोघं पगडीवाले, आणि टोकाच्या खुर्चीवर मी. खुर्ची फळ्याच्या अगदी समोर पडली होती. मी ती मागे सरकवायला बघितली तर मागे भिंत.

भावजय आत आली. स्वच्छ पातळ, पदर दोन्ही खांद्यांवरून घेतलेला. तिने फळ्यावर मोठा ‘ए’ काढला, आणि त्याच्या खाली छोटा. हात स्थिर होता. कप्पे आखले, प्रत्येकात एकेक शब्द लिहिला. माझे ते सगळे कप्पे, शिलकीसकट. शिलकीचा कप्पा पाहून मड्डमनी भुवया उंचावल्या आणि काहीतरी लिहून घेतलं. मला बरं वाटलं.

मग ती वर्गाकडे वळली. वळताना तिची नजर माझ्यावर आली. हात पदराकडे गेला.

“कॅट,” ती म्हणाली. पण म्हणाली ती ‘केट’.

“केट!” मुली ओरडल्या.

“ऑल.”

“ओल!”

मड्डमची पेन्सिल थांबली. त्या मोडक्या मराठीत, पण अगदी सौम्यपणे म्हणाल्या, “बाई, मला तुमचा तोंड दिसत नाही.”

मागच्या बाकावरच्या दोन मुली खुदकन हसल्या. भावजयीने पदर खाली घेतला. पुन्हा ‘ऑल’ म्हणायला गेली. ओठ उघडले, जरासे, आणि तिची नजर परत समोर आली, म्हणजे माझ्यावरच, कारण समोर मीच होतो. ओठ मिटले. हात वर आला. तिच्या कपाळावर घाम दिसत होता. मी मान खाली घातली. वाटलं, मी बघितलं नाही तर चालेल. पण मी बघत होतो की नाही याने काही फरक पडत नव्हता. मी तिथे होतो.

मड्डमनी मांडीवरचे कागद एकावर एक ठेवून सारखे केले.

मी उठलो. खुर्चीचा पाय फरशीवर घासून कर्कश आवाज झाला. चिटणिसांनी माझ्या कोटाची बाही धरली आणि ते दबक्या आवाजात म्हणाले, “अहो, काय करताय? बसा!” पगडीवाल्यांपैकी एकाने माझ्याकडे मान वळवली. मी त्यांना म्हटलं, “बाहेरच आहे. दाराशीच आहे,” आणि बाही सोडवून घेतली. दाराकडे जाताना फळ्याच्या जवळून जावं लागत होतं. भावजय बाजूला सरकली. तिच्याकडे न बघता मी एवढंच म्हटलं, “दवाखान्यात दाखवलं तसं.”

बाहेर आलो आणि दार ओढून घेतलं.

व्हरांड्यात एक पाण्याचा माठ आणि मुलींच्या वहाणांची रांग होती. मी दाराकडे पाठ करून उभा राहिलो. आतून काहीच ऐकू येईना. ‘कॅट’ नाही, ‘बॉल’ नाही. मी वाट पाहिली. तरी काही नाही. माझ्या मनात आलं, ती रडत असेल. मग वाटलं, पगडीवाल्यांनी पाठ थांबवला असेल. मग वाटलं, मड्डम उठल्या असतील आणि आता हे दार उघडेल. मी दाराकडे वळलो, कडीला हात लावला आणि काढून घेतला. आत गेलो असतो तर पुन्हा समोरच उभा राहिलो असतो. रस्त्यावरून एक भांडी विकणारी बाई ओरडत गेली, तिचा राग आला. आत चाळीस पोरी असताना एखादा वर्ग इतका गप्प कसा असू शकतो, हे मला कळेना.

आणि एकदम सगळ्या पोरी ओरडल्या, “ऑ!”

मी दचकलो. पुन्हा शांतता. मग, “ॲ!” आणि त्यामागे हशा. पुन्हा शांतता, या वेळी थोडी लांब. एक बारीक आवाज एकटाच, घाबरत, “अ?” आणि मग सगळ्या, “अ! अबाउट! अबाउट!”

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. ती बोलतच नव्हती. ती फळ्यापुढे उभी राहून आवाज न काढता तोंड करून दाखवत होती, त्याने केलं होतं तसं, आणि पोरींनी बघून ओळखायचं होतं की हा कोणत्या कप्प्यातला ‘ए’. मी माठातलं पाणी काढून प्यालो.

बऱ्याच वेळाने चिटणीस बाहेर आले. रुमालाने कपाळ पुसत होते. “अहो, तुमच्या बाईंनी अर्धा पाठ शब्द न काढता घेतला! आधी मला वाटलं, झालं, बाईंची वाचा बसली. मड्डम मात्र पुढे सरकून बसल्या. शेवटी त्या स्वतःच ओळखायला लागल्या पोरींबरोबर.”

“आणि ते दोघं?”

“ते? त्यांचीही तोंडं उघडीच होती.” मग ते जरा गंभीर झाले. “मड्डमनी विचारलं, ही पद्धत कोणत्या ट्रेनिंग कॉलेजातली. बाई म्हणाल्या, माझ्या यजमानांनी शिकवली. मड्डम म्हणाल्या, ते चांगलं बोलत असतील. बाई म्हणाल्या, त्यांना बोलायची परवानगी नाही. मड्डमना त्यातलं काही कळलं नाही. पण होकार देऊन गेल्यात. पहिलं वर्ष परीक्षेचं, मग कायम.”

भावजय बाहेर आली तेव्हा तिच्या हाताला खडू होता आणि पदर पुन्हा जागेवर गेला होता. मला पाहून ती दाराच्या आत थांबली. “भाऊजी, शिलकीचा कप्पा राहिला शिकवायचा,” ती खाली बघून म्हणाली.

“राहू दे,” मी म्हटलं. “त्याला वर्ष आहे.”

पुढच्या रविवारी आम्ही देवळालीला गेलो. भाऊ पाटी घेऊन तयारच होता. आम्ही व्हरांड्याच्या पायऱ्या चढत असतानाच त्याने ती उंच धरली. तीवर नुसतं प्रश्नचिन्ह होतं, पाटीभर. मी उत्तर द्यायला तोंड उघडलं. पण भावजय माझ्यापुढे दोन पायऱ्या होती. ती खाटेच्या पायथ्याशी थांबली. तिने पदर सोडला आणि माझ्यादेखत, आवाज न काढता, जबडा खाली नेऊन, तोंड पुरतं गोल उघडून त्याला सांगितलं, “ऑ”.

भावाने बघितलं. त्याला हसू फुटलं. हसणंही डॉक्टरांनी बंद केलेलं होतं, म्हणून त्याने घाईने पांघरुणाचं टोक उचललं आणि तोंडावर दाबून धरलं. त्याचे खांदे हलत होते.

या वेळी मी खुर्ची फिरवली नाही. खाली बसलो आणि त्याला सांगितलं की दिवाळीनंतरही खाट त्याचीच आहे.